विहिरीकडे पुन्हा

(कार्यकर्त्यांच्या तीन दिवसांच्या निवासी शिबिरात शेवटच्या दिवशी केलेलं हे भाषण. बोलताना जिथे फारच विस्कळीत झालं होतं, तेवढंच नीट केलं आहे.)

मैत्रिणींनो,

दोन दिवस आपण कायद्यावर बोलतो आहोत. जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. आपल्या तोंडात बसलेलं ४९८ अ न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं. त्याची कोष्टकं आपण लिहून घेतली. आज शेवटचा दिवस, म्हणून संयोजक ताई मला म्हणाल्या, "तू काहीतरी हलकंफुलकं बोल." मी म्हटलं, पोहण्यावर बोलते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बोल, पण दहा मिनिटं." दहा मिनिटांत माझं होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवातीला एक करू. ज्यांना पोहता येतं त्यांनी हात वर करा.

सहा. आपण साठ जणी आहोत. आता ज्यांच्या भावाला पोहता येतं त्यांनी करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. एकाच घरातली, एकाच विहिरीवर वाढलेली मुलं आहेत ही. मला बोलायचंय ते या दोन हातवऱ्यांच्या मधल्या जागेबद्दल.

आपल्याकडे विहीर आणि बाई हे दोन शब्द जवळ आले की काय आठवतं? पाणी शेंदणं आठवतं, आणि दुसरं लगेच आठवतं ते 'विहीर जवळ केली'. पुरुष विहिरीत पोहतो आणि बाई विहिरीत सापडते, अशी आपली भाषाच आहे. मी एम.एस.डब्ल्यू. करून समुपदेशन केंद्रात काम करायला लागले, त्याला आता तेरा वर्षं होतील. या काळात 'पाय घसरून विहिरीत पडली' हे वाक्य मी इतक्या कागदांवर वाचलंय की विहिरीच्या पायऱ्या फक्त सुनांसाठीच निसरड्या असतात की काय, असं वाटावं.

आमच्या घरातही असं एक वाक्य आहे. माझी आत्या १९९५ साली गेली. मी सात वर्षांची होते. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासरच्या मळ्यातल्या विहिरीत ती सापडली. पाय घसरला, असं सांगितलं गेलं आणि आमच्या घरानं ते मान्य केलं. हुंडाबळीचं कलम १९८६ मध्ये आलं होतं, म्हणजे तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई अशी गेली की चौकशी कशी व्हायला हवी, हेही कायद्यात लिहिलेलं होतं. आमच्याकडे कुणी त्याचं नाव काढलं नाही. दिवस घातले, दागिने परत आले, संपलं.

घरात एकच बदल झाला. मुलींनी विहिरीकडे जायचं नाही. माझे दोन्ही चुलत भाऊ त्याच उन्हाळ्यात पाठीला पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा ओंडका बांधून पोहायला शिकले. काका वर दोर धरून उभे असायचे. मुटके मारल्याचा आवाज घरापर्यंत यायचा. मी आणि माझी बहीण माजघरात कुरडयांवर राखणीला. आत्याच्या सासरच्यांना कुणी काही विचारलं नाही. शिक्षा झाली ती विहिरीला आणि आम्हा दोघींना.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला तीस वर्षं जावी लागली, आणि ते आक्कांमुळे कळलं.

आक्का आमच्या केंद्रात भांडणाची केस घेऊन आल्या होत्या. स्वतःची नव्हे, सुनेची, आणि तेही सुनेच्या बाजूनं! अशा सासवा आपल्याला किती भेटतात? साठीच्या पुढच्या, शेतमजुरी करणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या बचत गटाची मीटिंग एका बाईच्या शेतावर होती. ती विधवा आहे, आणि तीन वर्षं तलाठ्याकडे खेटे घालून तिनं सातबारावर स्वतःचं नाव लावून घेतलं आहे. मीटिंग संपली. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आक्का उठल्या, कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला, विहिरीच्या अर्ध्या पायऱ्या उतरल्या आणि तिथून त्यांनी सूर मारला.

आम्ही सगळ्या काठावर धावलो. माझ्या तोंडून किंकाळीच गेली. मला त्या क्षणी काय वाटलं ते तुम्हाला कळेल. आणि आक्का विहिरीच्या मधोमध वर आल्या, तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "काय गं, मेल्यावानी का बघताय सगळ्या?"

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे शिकायला गेले. वय वर्षं चौतीस.

शिकवण्याची पद्धत सांगते. पाठीला पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन, झाकण घट्ट लावून ओढणीनं बांधलेले. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या बाईच्या हातात. अंगात सलवार-कमीज, पण सलवारीला खाली गाठ मारलेली, म्हणजे पायात गुरफटत नाही. पहिले दोन रविवार मी पायरी सोडलीच नाही. कपारीतला एक दगड मी इतका घट्ट धरून ठेवायची की बोटं सोलवटली. केंद्रात मला 'म्याडम' म्हणणाऱ्या आक्का पाण्यात 'ए पोरी' म्हणायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ए पोरी, पान्याला धराया जाऊ नगं. ते काय हातात ऱ्हातंय व्हय? त्याच्यावर टेक."

टेक म्हणजे काय, ते कळायला अजून एक रविवार लागला. आपण घाबरलो की डोकं वर काढायला बघतो. डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि आपण आणखी घाबरतो. मान सैल सोडून कानापर्यंत डोकं पाण्यात जाऊ दिलं आणि छातीत श्वास भरून घेतला, की शरीर आपोआप वर येतं. यात जादू काही नाही. फुप्फुसात हवा भरली की माणूस पाण्यापेक्षा किंचित हलका होतो. चरबीही पाण्यापेक्षा हलकी असते आणि बायकांच्या अंगावर ती पुरुषांपेक्षा जास्त असते, त्यामुळे तरंगणं आपल्याला सोपंच जातं. ज्या मांड्यांवरून, कमरेवरून आपण आयुष्यभर टोमणे ऐकतो, त्याच पाण्यात आपल्याला वर धरतात. मला हे समजलं तेव्हा मी विहिरीत एकटीच हसत सुटले आणि पाणी नाकात गेलं.

पहिल्यांदा उताणी तरंगले तो क्षण सांगते. वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ. काठावरच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे. कान पाण्याखाली, त्यामुळे काही ऐकू येत नाही. फक्त आपलाच श्वास. मैत्रिणींनो, मला कुणी हाक मारत असेल आणि ती मला ऐकू येत नाहीये, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. केंद्रातला फोन नाही, मुलाचा अभ्यास नाही, रात्री साडेअकराला 'ताई, त्यांनी घराबाहेर काढलं' म्हणणारी कुणी नाही. आपण दुसऱ्यांचं इतकं ऐकतो की कान हा आपला सगळ्यात दमलेला अवयव असणार. त्या पाच-सात मिनिटांत माझे कान विसावले.

मग बायका वाढत गेल्या. एप्रिल-मेचे रविवार, दुपारी तीन ते पाच. शेताच्या मालकिणीची परवानगी आणि तिच्या तीन अटी. मोटर बंद करून स्टार्टरचा फ्यूज काढून तो तिच्या हातात दिल्याशिवाय कुणी पाण्याला पाय लावायचा नाही. एकटीनं कुणी उतरायचं नाही. आणि पावसाळ्यात विहीर बंद, कारण पायऱ्यांना शेवाळ धरतं आणि गढूळ पाण्यात बुडालेली बाई दिसत नाही. या अटी मी मुद्दाम सांगते आहे. इथून परत जाऊन कुणी उत्साहाच्या भरात ओळख नसलेल्या पाण्यात उडी घेऊ नये. नदीत तर नाहीच. वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत आणि धरणातून पाणी कधी सोडतील ते सांगता येत नाही.

पोरं काठावर येऊन डोकवायची. त्यावर उपाय म्हणून आमच्यातली एक आजी कठड्यावर काठी घेऊन बसू लागली. तिला पोहायचं नव्हतं, पण पोरांना हाकलताना तिला जो आनंद व्हायचा तो आमच्यापेक्षा कमी नव्हता. पाळीचं काय, असं हळूच विचारलं जायचं. पाळीत पोहू नये असं वैद्यकशास्त्र सांगत नाही. ज्या कप वापरतात त्या उतरायच्या, ज्यांना नको वाटायचं त्या दोर धरायच्या. मोठी अडचण निघाली केसांची. घरी जाताना केस ओले. "मीटिंगला गेली होतीस ना, मग केस कसे ओले?" एकीनं सांगितलं, नळाला पाणी आलं होतं, तिथंच न्हाले. दुसरीनं सांगून टाकलं, "पोहत होते." तिच्या घरी दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूनं विचारलं, "गार असतं का गं पाणी आत?"

काय मिळतं यातून, असं मी बायकांना विचारलं. आपल्याला अहवालाची सवय, म्हणून वहीच काढली होती. एक जण ऊसतोडीला जाते. ती म्हणाली, डोक्यावर मोळी नसताना मान कशी असते ते विसरले होते. एक शिक्षिका म्हणाली, माझं अंग मी आंघोळीच्या वेळीसुद्धा घाईनं बघते, इथं त्याच्याशी दोन तास बोलते. एकीला नवऱ्यानं वर्षानुवर्षं मारलं आहे. ती म्हणाली, पाणी सगळीकडून अंगाला लागतं पण कुठंच लागत नाही. मी वही मिटली.

आता जरा अवघड बोलते. हे चित्र गोड वाटत असेल, पण विहिरीला मालक असतो आणि मालकाला जात असते. आक्का पोहायला शिकल्या त्या नदीत. त्यांच्या वस्तीतल्या मुलांना गावातल्या विहिरीत उतरू देत नसत. आमच्या माहेरच्या विहिरीवर त्यांच्यासारख्या बायकांना पायरीवरही उभं राहायची मुभा नव्हती. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी मिळायचं. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं त्याआधीच केलेला होता, आणि तरीही लोकांवर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. हा फार जुना इतिहास झाला, असं कुणी म्हणेल. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहले म्हणून दलित मुलांना मारहाण करून नग्न फिरवलं. ती मुलं होती, आणि उन्हाळा होता, इतकाच त्यांचा गुन्हा.

आमच्या रविवारी आक्कांच्या वस्तीतल्या चौघी यायला लागल्या, तेव्हा दोघी यायच्या बंद झाल्या. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मालकिणीनं एवढंच म्हटलं, "विहीर माझ्या नावावर हाय, कुणी उतरायचं ते मी ठरवीन." दोघींपैकी एक पुढच्या वर्षी परत आली. दुसरी आजतागायत आलेली नाही. सगळ्या एकाच पाण्यात उतरलो म्हणजे भेद विरघळला, असा दावा मी करणार नाही. पण आक्कांच्या हातात दोर आहे आणि दुसऱ्या टोकाला पाटलाच्या घरातली सून आहे, हे मी पाहिलंय. ती सून आक्कांच्या हातावर भरवसा ठेवून पायरी सोडते. ते काही कमी नाही.

माझ्याच एका सहकारी मैत्रिणीनं मला झापलं होतं. "बायकांना प्यायला पाणी नाही आणि तू पोहण्याचं काय घेऊन बसलीस? लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, विसरलीस?" विसरले नाही. २०२३ चा पाऊस कमी झाला, तेव्हा पुढच्या मे महिन्यात आमच्या विहिरीतही गुडघाभर पाणी होतं. त्या वर्षी कुणी पोहलं नाही. त्या पाण्यावर आधी तहानेचा हक्क होता आणि तो आम्ही मानला. पण मला तिला विचारायचंय की पाण्याचं ओझं डोक्यावर घेऊन बाई जन्मभर चालते, तर विहीर भरलेली असताना त्याच पाण्यात दोन तास उतरायला तिला परवानगी का लागावी? बाईचा प्रश्न म्हटलं की आपण फक्त तिचं दुःख मोजतो. तिची मौज कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि ज्यांना मौजेचं कारण पुरत नाही, त्यांच्यासाठी दुसरं कारण आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेनं मार्च २००५ मध्ये एक अहवाल काढला. इंडोनेशियातल्या आचे बेसार जिल्ह्यातल्या चार गावांत वाचलेल्या ६७६ माणसांत बायका होत्या फक्त १८९. कारणं बरीच होती. पुरुष समुद्रात दूर होते किंवा कामाला बाहेर गेले होते, बायका घरी होत्या, मुलांना शोधत मागं राहिल्या. पण एक कारण साधं होतं. पुरुषांना पोहता येत होतं, झाडावर चढता येत होतं. बायकांना कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्याकडे पुराचं पाणी घरात शिरतं तेव्हा आठवा हे.

बाईच्या अंगात ताकद नसते, असं अजूनही कुणी म्हणतं. कलकत्त्याच्या आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ ला इंग्लिश खाडी पोहून पार केली, १६ तास २० मिनिटांत. त्या वेळी त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. आशियातल्या त्या पहिल्या महिला. महिन्याभरापूर्वीचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्या पुन्हा उतरल्या. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटलं नाही.

शेवटी आईचं सांगते, मग थांबते.

मी पोहायला शिकले हे आईपासून वर्षभर लपवलं होतं. मग कुणीतरी तिला सांगितलं. तिचा फोन आला नाही. मी घाबरून होते. २०२५ च्या मे महिन्यात ती माझ्याकडे आली आणि रविवारी म्हणाली, "मला दाखव ती विहीर." आईचं वय बासष्ट. ती पायरीवर बसली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पाय पाण्यात सोडले. मी पोहून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझी आत्या तुझ्यापेक्षा चांगली पोहायची."

मी पायरीला येऊन थांबले. आई सांगत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आत्या बारा-तेरा वर्षांची होती. भर दुपारी सगळे झोपले की ती विहिरीवर जायची, मोटेच्या थारोळ्यावरून उडी घ्यायची, तळाची माती मुठीत घेऊन वर यायची आणि आईला दाखवायची. आईनं हे कुणाला सांगितलं नाही, म्हणजे आत्याला ओरडा बसू नये म्हणून.

"मग पाय घसरून..." मी म्हटलं.

आई म्हणाली, "हो ना."

एवढंच. तीस वर्षं आईला हे माहीत होतं. तळाची माती वर आणणारी मुलगी नुसता पाय घसरला म्हणून बुडत नाही. १९९५ साली हे एक वाक्य कुणी पोलिसांपुढे बोललं असतं, तर काय झालं असतं? मला माहीत नाही. आईला कुणी विचारलं नाही, आणि नव्या नसलेल्या पण सूनच असलेल्या बाईनं आपणहून बोलायची ती वेळही नव्हती. मी तिच्यावर रागावले नाही. त्या दिवशी नाही. नंतर थोडी रागावले, आणि मग मला आठवलं की मीही तेरा वर्षं 'पाय घसरून' वाचते आहे आणि मी तरी किती वेळा माहेरच्यांना विचारलं की तिला पोहता येत होतं का?

आता मी विचारते. माझ्या केंद्रातल्या टिपणाच्या कागदावर तो प्रश्न मी लिहून घातला आहे. तुम्हीही घाला. आणि उत्तर 'नाही' येणार असेल तर तेही नोंदवा, कारण ते 'नाही' कुणी ठरवलं हाही आपलाच प्रश्न आहे.

बाकी मागण्या साध्या आहेत. तुमच्या नगरपालिकेचा तलाव असेल तर बायकांसाठी राखीव वेळ किती आणि कधीची आहे, ते बघा. कामावर जाणाऱ्या, घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला जमेल अशी ती वेळ असते का? शिकवायला बाई आहे का? अंगभर कपडे घालून उतरू देतात का? अर्ज करा, पाठपुरावा करा, ते आपल्याला येतं. गावात ओळखीची विहीर असेल तर मालकिणीशी बोला. मालकीण, म्हटलं मी. म्हणजे सातबाराचं काम आलंच.

आई त्या दिवशी पाण्यात उतरली नाही. पण निघताना म्हणाली, "पुढच्या वर्षी ते कॅन मला बांधशील का?"

बांधणार आहे. दोर आक्का धरतील. एप्रिलच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीनला. ज्यांना यायचंय त्यांनी जुने कपडे आणि एक टॉवेल आणा. केसांचं काय सांगायचं, ते आपापलं ठरवा.